आडात किती, पोहऱ्यात किती: हार्ड डिस्कची जुनी-नवी कनेक्शनं आणि तुमच्या कॉम्प्युटरला त्यातलं काय लागू पडतं

दिवाळीत गावी गेलो की माझ्या फराळाच्या ताटाशेजारी एखादा उघडलेला सीपीयू ठेवलेला असतोच. गेल्या खेपेला तीन यंत्रं होती. मामांच्या छापखान्यातला २००३ सालचा कॉम्प्युटर, मावसभावाच्या खताच्या दुकानातला २०१२ चा, आणि मामेबहिणीचा दोन वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप. पहिल्या दोघांची तक्रार एकच होती, स्लो आहे. तिसरीची जागा संपली होती. मामांनी तर उपायही ठरवून ठेवला होता. "अरे, आतली ती रुंद पट्टी जुनी झालीय. हल्ली बारीक लाल वायर येते म्हणे. ती टाक, पळेल."

पळणार नव्हता. पण मामांचा प्रश्न वेडगळ नाही. कॉम्प्युटरच्या दुकानात येणारे निम्मे लोक हेच विचारतात. नवं कनेक्शन जुन्यापेक्षा चांगलं असतं हे खरंच आहे, फक्त ते कशात चांगलं असतं हे विचारायचं राहून जातं. आपल्याकडची म्हण इथे तंतोतंत बसते: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. हार्ड डिस्क हा आड, कनेक्शन हा पोहरा. पोहरा कितीही मोठा घेतला तरी आडाला जेवढं पाणी आहे तेवढंच वर येतं. हे डोक्यात ठेवून पुढे जाऊ.

पायरी १: आपल्याकडे काय आहे ते ओळखा

मशीन बंद करा, भिंतीतली वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून सोडा म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, मग आत हात घाला. सिंथेटिक स्वेटर घालून हे काम करू नका.

डिस्कच्या मागे दोन इंच रुंद, राखाडी, चपटी पट्टा केबल दिसली आणि शेजारी चार जाड पिनांचा पांढरा पॉवर कनेक्टर असेल, तर ती आयडीई. हिलाच पॅरलल एटीए किंवा पाटा म्हणतात. वरवंट्याशी संबंध नाही, पण जड, टिकाऊ आणि आता कोपऱ्यात गेलेली, एवढं साम्य आहे.

बोटाएवढी अरुंद केबल आणि इंग्रजी एल आकाराची खाच असलेला छोटा कनेक्टर दिसला, तर ती साटा. डेटाची केबल सात पिनांची, पॉवरची तशीच पण रुंद, पंधरा पिनांची.

केबलच दिसत नसेल आणि मदरबोर्डवर च्युइंगगमच्या पट्टीसारखी चिप्सची पट्टी आडवी स्क्रूने बसवलेली असेल, तर ती एम.२. ही पट्टी आतून साटाही असू शकते आणि एनव्हीएमई, म्हणजे साटाच्या पुढची जास्त वेगवान जोडणी, हीही. तो घोळ पुढे सोडवू.

उघडायचं नसेल तर विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका. त्यात ट्रान्सफर मोड नावाच्या रकान्यात दोन आकडे येतात, म्हणजे उदाहरणार्थ साटा ३०० आणि साटा ६००. डावीकडचा आकडा सध्या जोडणी कोणत्या वेगाने चालू आहे तो, उजवीकडचा डिस्कची कुवत किती आहे तो. मावसभावाच्या दुकानात नवी डिस्क बसवल्यावर नेमकी हीच जोडी आली. त्याचं कारण पुढे येईल.

पट्टा केबलने काय दिलं आणि कुठे अडली

आयडीईला नावं ठेवण्याआधी तिचं ऋण मान्य करायला हवं. १९८० च्या दशकात हार्ड डिस्कचा कंट्रोलर, म्हणजे ती चालवणारं सर्किट, वेगळ्या कार्डावर असायचा, आणि डिस्क व कार्ड यांची जोडी जमली नाही तर सगळंच ठप्प. १९८६ च्या सुमारास वेस्टर्न डिजिटल आणि कॉम्पॅक यांनी कंट्रोलर उचलून डिस्कवरच बसवला. डिस्क कशी वाचायची हे डिस्कलाच ठाऊक, मदरबोर्डने फक्त मागायचं. ही कल्पना आजच्या सगळ्यात महागड्या एनव्हीएमईतही तशीच आहे. १९९४ मध्ये तिला एटीए या नावाने अधिकृत मानक मिळालं.

अडचण होती ती पट्ट्यात. त्यातून एका वेळी १६ बिट शेजारी शेजारी जातात. लेझीमचं पथक आठवा. एका ओळीत सोळा जण, सगळ्यांचा हात एकाच ठेक्यावर पडला पाहिजे. ठेका संथ असेल तोवर ओळ देखणी दिसते. हलगीवाल्याने लय वाढवली की कुणाचा हात आधी पडतो, कुणाचा नंतर, शेजाऱ्याचं बघून तिसराच चुकतो, आणि ओळ मोडते. पट्टा केबलचं हेच झालं. सोळा सिग्नल एकाच क्षणी पोचेनात, आणि एका तारेतला सिग्नल शेजारच्या तारेत डोकावू लागला.

यावर तोडगा म्हणून ६६ मेगाबाइटच्या वेगापासून ४० तारांच्या जागी ८० तारांचा पट्टा आला. जास्तीच्या ४० तारा डेटा नेत नाहीत. त्या मधे मधे ग्राउंड म्हणून उभ्या असतात, शेजाऱ्यांना एकमेकांपासून दूर ठेवायला. कनेक्टर मात्र चाळीस पिनांचाच राहिला. त्यावर सेकंदाला १०० आणि शेवटी १३३ मेगाबाइटपर्यंत मजल गेली, आणि तिथे गाडी थांबली. केबलची लांबीही १८ इंचांपुढे नेता येत नव्हती.

शिवाय मास्टर-स्लेव्हचा जाच. एका पट्ट्यावर दोन डिस्क, आणि कोण मास्टर कोण स्लेव्ह हे डिस्कच्या मागचे चिमुकले जम्पर, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या टोप्या, हलवून ठरवायचं. दोन्ही मास्टर झाल्या की एकही दिसायची नाही. एका डिस्कचं काम चालू असताना दुसरीने थांबायचं, कारण पट्टा एकच. त्या काळात असेंबलिंग केलेल्या प्रत्येकाने जमिनीवर गुडघे टेकून, टॉर्च तोंडात धरून तो जम्पर शोधलेला आहे. मला त्याची जराही आठवण येत नाही.

आणखी एक जुनी भिंत माहीत असू द्या, कारण जुन्या मशिनीत ती आजही उभी आहे. सुरुवातीच्या एटीएमध्ये डिस्कवरच्या जागेचा पत्ता २८ बिटांत लिहायचे. त्यामुळे १३७ जीबीच्या पुढची जागा दिसतच नसे. २००२ च्या आसपास ४८ बिटांचा पत्ता आला आणि भिंत पडली. म्हणून २००० सालच्या कॉम्प्युटरला ३२० जीबीची आयडीई डिस्क लावली आणि ती अर्ध्याहून कमी दिसली, तर डिस्क खराब समजू नका.

साटाचा खरा फायदा वेगाचा नव्हता

२००३ मध्ये साटाचं पहिलं मानक आलं. सोळा जणांची ओळ मोडली आणि एकच पळणारा ठेवला, पण तो इतका जोरात पळतो की सोळा जणांच्या पुढे जातो. एकटाच असल्यामुळे कुणाशी ठेका जुळवायची गरज नाही. जाण्यासाठी तारांची एक जोडी, येण्यासाठी दुसरी. पहिल्या पिढीचा वेग सेकंदाला दीड गिगाबिट, दुसरीचा तीन, २००९ मधल्या तिसरीचा सहा. प्रत्येक आठ बिटांमागे दोन बिट वाहतूक नीट चालावी म्हणून खर्च होतात, त्यामुळे मेगाबाइटमध्ये हेच आकडे १५०, ३०० आणि ६०० असे होतात.

आता गंमत बघा. १३३ वरून १५० म्हणजे फार मोठी उडी नव्हे. आणि त्या वेळची फिरती डिस्क तर साठ-सत्तर मेगाबाइटच्या आसपासच देत होती. म्हणजे १३३ चा पोहराच निम्मा रिकामा वर येत होता. आजची सात हजार दोनशे फेऱ्यांची मोठी डिस्कदेखील सलग वाचताना साधारण दीडशे ते अडीचशे मेगाबाइट देते. सहा गिगाबिटच्या साटाला घरगुती फिरत्या डिस्कने कधीही पूर्ण भरलेलं नाही.

मग साटाने दिलं काय? माझ्या मते सुख दिलं. प्रत्येक डिस्कला स्वतःचं पोर्ट, स्वतःची केबल, जम्परची कटकट संपली. केबल एक मीटरपर्यंत चालते. पट्ट्याने अडणारी हवा मोकळी झाली, जी आपल्या मे महिन्यात छोटी गोष्ट नाही. कनेक्टर उलटा बसत नाही, पिना वाकत नाहीत. चालू मशीनमध्ये डिस्क लावता-काढता येते, अर्थात बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उठणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, एएचसीआय मोड (साटा डिस्कशी बोलायची पद्धत) आणि हॉट प्लग चालू असेल तर. आयडीईत चूक तपासणी फक्त डेटापुरती होती. साटात हुकूमही तपासले जातात.

एक फायदा थोडा खोल आहे. एएचसीआय मोडमध्ये डिस्क एका वेळी ३२ मागण्या रांगेत घेऊ शकते आणि स्वतःच्या सोयीने क्रम लावते. पोस्टमन पत्रं ज्या क्रमाने आली त्या क्रमाने वाटत नाही, गल्लीनुसार लावून घेतो, तसं. फिरत्या डिस्कला याने खरोखर थोडा दिलासा मिळतो, विशेषतः एकाच वेळी चार कामं चालू असताना.

२००६ मध्ये इंटेलने डेस्कटॉपच्या नव्या चिपसेटमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांमधून, आयडीई काढून टाकली. त्यानंतरही काही वर्षं बोर्डांवर वेगळी चिप लावून एखादं आयडीई पोर्ट ठेवलं जायचं, ते मुख्यतः जुन्या सीडी रायटरसाठी.

पायरी २: अडतंय कुठे ते मोजा

स्लो म्हणजे काय, हे आधी ठरवा. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा. मशीन सुरू झाल्यावर डिस्क शंभर टक्के व्यस्त, पण प्रत्यक्ष वेग जेमतेम एक-दोन मेगाबाइट, असं दिसलं तर रोग सापडला.

हे असं का होतं? फिरत्या डिस्कमध्ये वाचणारा हात योग्य जागी न्यायला सरासरी आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. मग ती जागा फिरत हाताखाली यायला आणखी सरासरी ४.१७ मिलिसेकंद, कारण ७२०० फेऱ्यांच्या डिस्कची एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांची असते. म्हणजे एका तुकड्याला तेरा मिलिसेकंद. सेकंदात पंच्याहत्तर-ऐंशी तुकडे. विंडोज सुरू होताना असे हजारो छोटे छोटे तुकडे मागते, बहुतेक चार केबीचे. ऐंशी गुणिले चार, म्हणजे सेकंदाला सव्वातीनशे केबी. सहाशे मेगाबाइटच्या पोहऱ्यात अर्धा मेगाबाइटसुद्धा नाही!

मामांना मी हा हिशोब कागदावर मांडून दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे दोष वायरचा नाही, आडाचा." अगदी.

आड बदलायचा म्हणजे एसएसडी, मेमरीच्या चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क, घ्यायची. तिच्यात फिरणारं काही नाही, हात नाही, त्यामुळे साटाची साधी एसएसडीदेखील सेकंदाला असे हजारो तुकडे सहज देते. सलग वाचताना ती साडेपाचशे मेगाबाइटला पोचते आणि तिथे पहिल्यांदाच उलटं घडतं: आडाला पाणी भरपूर, पोहरा कमी पडतो. एनव्हीएमईची गरज इथून सुरू होते.

एनव्हीएमई: रांगाच रांगा

एएचसीआय हा मोड फिरत्या डिस्कसाठी घडवलेला होता. एक रांग, ३२ मागण्या. एसएसडीतल्या फ्लॅश मेमरीच्या चिपा एकाच वेळी अनेक दारांतून माल देऊ शकतात, पण तिकीट खिडकी एकच. २०११ मध्ये एनव्हीएमईचं पहिलं मानक आलं. त्यात सुमारे ६४ हजार रांगा ठेवता येतात आणि प्रत्येक रांगेत तितक्याच मागण्या. प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला स्वतःची खिडकी देता येते. आणि मधला साटा कंट्रोलर गायब. ग्राफिक कार्ड ज्या पीसीआय एक्स्प्रेसवर बसतं, त्याच रस्त्यावर डिस्क थेट बसते.

पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या चार लेनवर सेकंदाला जवळपास चार जीबी जाऊ शकतात, चौथ्या पिढीवर आठ, पाचव्यावर सोळाच्या जवळ. दुकानात मिळणाऱ्या डिस्क तिसऱ्या पिढीत साडेतीन जीबीपर्यंत आणि चौथ्या पिढीत सातच्या आसपास देतात.

१०० जीबीची एक सलग फाइल हलवायची तर यूएसबी २ वर सुमारे ४८ मिनिटं, चांगल्या फिरत्या डिस्कवर दहा, साटा एसएसडीवर साडेतीन, आणि सेकंदाला तीन जीबी देणाऱ्या एनव्हीएमईवर अर्ध्या मिनिटाच्या थोडं वर. अर्थात दोन्ही टोकांना तेवढी वेगवान डिस्क हवी. एनव्हीएमईवरून पेनड्राइव्हवर कॉपी करताना वेग पेनड्राइव्हचाच.

पण खरं सांगायचं तर टॅली, वर्ड, ब्राउझर आणि विंडोज सुरू होणं, एवढंच काम असेल तर साटा एसएसडी आणि एनव्हीएमई यांतला फरक तुम्हाला काही सेकंदांचा जाणवेल. फिरत्या डिस्कवरून साटा एसएसडीवर जाणं म्हणजे बैलगाडी सोडून एसटीत बसणं; तिथून एनव्हीएमईवर जाणं म्हणजे एसटीतून शिवनेरीत. व्हिडिओ एडिटिंग, मोठे फोटो, गेम, व्हर्च्युअल मशीन असेल तर शिवनेरीचं तिकीट काढा. नव्या मशीनमध्ये स्लॉट असेलच, तर दुकानात दोन्हींचे भाव विचारा. फरक किरकोळ असेल तर एनव्हीएमईच घ्या.

पायरी ३: विकत घेताना

एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे, बोलीचं नाही. दुकानात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. पट्टीवर २२८० लिहिलेलं असतं, म्हणजे रुंदी २२ मिलिमीटर, लांबी ८०. काही छोट्या लॅपटॉपमध्ये २२३० लागते. तुमच्या बोर्डावर स्क्रूची जागा कुठे आहे ते मोजून जा.

मग खाचा बघा. एकच खाच असेल तर ती बहुधा एम-की. ही बहुधा एनव्हीएमई. दोन खाचा म्हणजे बी आणि एम दोन्ही. ही बहुधा साटा. दोन खाचांची पट्टी एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये आरामात बसते, आणि तो स्लॉट साटा बोलत नसेल तर डिस्क दिसतच नाही. नग खराब नसतो, दुकानदार बदलून देईलच असं नाही. खाचांवर पूर्ण भरवसाही ठेवू नका. लेबलवर एनव्हीएमई किंवा पीसीआयई हे शब्द लिहिलेले आहेत का ते वाचा आणि मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये तो स्लॉट काय काय घेतो ते बघा.

लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत स्वस्तात सर्व्हरच्या जुन्या डिस्क मिळतात. त्यातल्या एसएएस जातीच्या डिस्क साटासारख्याच दिसतात, पण डेटा आणि पॉवर यांच्या मधली फट भरलेली असते. घरच्या साटा पोर्टला त्या लागत नाहीत. उलट मात्र चालतं, एसएएस कंट्रोलरला साटा डिस्क लागते. स्वस्त मिळाली म्हणून हुरळू नका.

बाहेरच्या डबीबद्दलही तेच. एम.२ ची यूएसबी डबी साटासाठी वेगळी, एनव्हीएमईसाठी वेगळी, आणि दोन्ही चालणारी थोडी महाग. ती निळ्या किंवा टाइप-सी पोर्टलाच लावा, काळ्या यूएसबी २ ला नाही.

पायरी ४: साटावर एसएसडी चढवणं

मावसभावाचा बोर्ड एच-६१ चिपसेटचा. एके काळी आपल्याकडे दर दुसऱ्या असेंबल्ड पीसीत हाच असायचा. त्याची चारही साटा पोर्टं तीन गिगाबिटची. म्हणून नव्या एसएसडीची कुवत ६०० दिसली तरी जोडणी ३०० वरच चालते. त्याला वाटलं पैसे फुकट गेले. पण आठवा, अडचण सलग वेगाची नव्हतीच, छोट्या तुकड्यांची होती, आणि त्यांना तीन गिगाबिट पुष्कळ. पूर्वी विंडोज सुरू व्हायला चार मिनिटं लागायची. आता दुकानाचं शटर वर करून अगरबत्ती लावेपर्यंत बिलाची खिडकी उघडलेली असते. ज्या बोर्डावर दोन सहा गिगाबिटची आणि चार तीनची पोर्टं असतात, तिथे एसएसडी वेगवान पोर्टाला लावा. ती बहुधा वेगळ्या रंगाची असतात, पण रंगाचा नियम कंपनीगणिक बदलतो. बोर्डावर छापलेलं वाचा.

बसवण्याआधी बॅकअप. मग बायोसमध्ये साटाचा मोड बघा. जुन्या मशीनमध्ये तो आयडीई असा ठेवलेला सापडतो. नवं विंडोज टाकणार असाल तर आधी एएचसीआय करा, मग टाका. जुनं विंडोज तसंच चालू ठेवायचं असेल तर नुसता मोड बदलू नका, निळा पडदा येईल. विंडोज १० मध्ये एमएसकॉन्फिगमधून सेफ मोडची खूण करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये एएचसीआय निवडा, एकदा सेफ मोडमध्ये उठू द्या, मग खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करा. लॅपटॉपमध्ये बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ही ओळ वगळून पुढे गेलेले लोक नंतर फार दीनवाण्या आवाजात फोन करतात.

क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर, करायचं असेल तर बहुतेक एसएसडी कंपन्यांचं फुकट सॉफ्टवेअर असतं. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा, फक्त नवी लावा. दोन्ही लावून सुरू केलं की विंडोज कोणत्या डिस्कवरून उठलं हेच कळत नाही.

डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या लॅपटॉपमध्ये तो काढून त्या जागी कॅडी, म्हणजे डिस्क बसवायची चौकट, लावता येते. एसएसडी मुख्य जागेवर ठेवा, जुनी डिस्क कॅडीत. कॅडी घेण्याआधी ड्राइव्हची जाडी मोजा, ९.५ की १२.७ मिलिमीटर.

पायरी ५: एनव्हीएमई बसवणं

मामेबहिणीच्या लॅपटॉपमध्ये दुसरा एम.२ स्लॉट रिकामा होता. चार्जर काढला, मागचं झाकण उघडलं, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. पट्टी साधारण तीस अंशात तिरकी धरून आत सरकवायची. सोनेरी पट्ट्या जवळजवळ दिसेनाशा होतात. मग हलकेच खाली दाबून स्क्रू लावायचा, नुसता टेकेपर्यंत. हीटसिंक असेल तर थर्मल पॅडवरचं पारदर्शक प्लास्टिक काढा. ते तसंच ठेवून डिस्क तापते म्हणणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यात एकदा मीही होतो.

जुन्या डेस्कटॉपवर पीसीआयईच्या कार्डात एनव्हीएमई बसवता येते आणि ती डेटासाठी छान चालते. पण साधारण २०१५ च्या आधीच्या बोर्डांना तिच्यावरून विंडोज सुरू करता येईलच असं नाही, कारण बायोसला एनव्हीएमई ओळखता यायला हवी. विंडोज ७ लाही ती जन्मतः ओळखता येत नाही.

उलट त्रास नव्या लॅपटॉपवर होतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज टाकायला बसलं की डिस्कची यादी कोरी येते. डिस्क मेलेली नसते. बायोसमधला व्हीएमडी (इंटेलची डिस्क सांभाळायची सोय) हा पर्याय बंद करा किंवा लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन तो लोड करा.

आणि डेस्कटॉपवर एनव्हीएमई लावल्यावर जुनी साटा डिस्क अचानक गायब झाली तर घाबरू नका. अनेक बोर्डांवर एम.२ स्लॉट आणि एक-दोन साटा पोर्टं एकच रस्ता वाटून घेतात. मॅन्युअलमध्ये कोणती ते असतं. केबल दुसऱ्या पोर्टात घाला.

पायरी ६: आयडीईतला डेटा बाहेर काढणं

मामांच्या मशीनवर खर्च करण्यात अर्थ नव्हता. नवा मिनी पीसी घेतला. पण चाळीस जीबीच्या त्या डिस्कवर पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या, आणि तालुक्यातल्या अर्ध्या दुकानांची पावतीपुस्तकं होती.

यासाठी यूएसबीचा अ‍ॅडॉप्टर मिळतो, ज्याला मोठी आयडीई, लॅपटॉपची ४४ पिनांची आयडीई आणि साटा अशी तिन्ही तोंडं असतात. सोबत बारा व्होल्टचा वेगळा पॉवर ब्रिक असलेलाच घ्या. साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या करंटवर फिरत नाही. डिस्कचा जम्पर मास्टरवर ठेवा. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच डिस्कवर एकटीसाठी जम्पर पूर्ण काढायचा असतो. लेबलवर आकृती असते. आधी पॉवर द्या, डिस्क फिरू लागल्याचा आवाज येऊ द्या, मग यूएसबी लावा.

विंडोजने विचारलं की डिस्क फॉरमॅट करायची का, तर नाही म्हणा. इनिशियलाइझ करू का म्हणालं, तरी नाही. फोल्डर उघडताना परवानगी नाही असं आलं तर मालकी घेण्याचा पर्याय द्या, वेळ लागेल. कॉपी करा, कट नको. टक-टक-टक असा ठरावीक आवाज आला तर लगेच बंद करा. डेटा मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. आवाज नाही पण कॉपी मधेच अडकते, असं असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा. ते वाचता येतं ते आधी उचलतं आणि हट्टी जागांना शेवटी हात घालतं.

छापखानेवाल्यांसाठी एक सूचना. जुन्या पत्रिका श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर नुसत्या फाइली आणून उपयोग नाही. फॉन्टचा फोल्डरही आणा, नाहीतर नव्या मशीनवर 'चि. सौ. कां.' च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. आमच्याकडे ती दिसली, आणि मी पुन्हा ती डिस्क जोडली.

काही बिघडलं तर

साटा डिस्क मधेच गायब होते, कॉपी अडखळते, अशा वेळी डिस्क फेकायच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सी-७ क्रमांकाचा यूडीएमए सीआरसी एरर बघा. तो वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा आहे. क्लिप असलेली नवी केबल टाका, पोर्ट बदला. आकडा शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. कोकणात पावसाळ्यानंतर असे फोन जास्त येतात.

जुन्या एसएमपीएसला, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या डब्याला, साटा पॉवर नसेल तर चार पिनांवरून साटा करणारा कन्व्हर्टर लागतो. ज्यात तारा अखंड प्लास्टिकमध्ये ओतलेल्या असतात तसला स्वस्त घेऊ नका. आत शॉर्ट होऊन वितळल्याची, पेट घेतल्याची उदाहरणं आहेत. तारा एकेक करून वेगळ्या दाबलेल्या असतील तसला घ्या.

आणि बाहेरच्या डबीतून काढलेली मोठी साटा डिस्क जुन्या एसएमपीएसवर अजिबात फिरत नसेल, तर ती मेलेली असेलच असं नाही. साटाच्या ३.३ मानकात पॉवरची तिसरी पिन डिस्क बंद ठेवण्यासाठी दिली आहे, आणि जुना एसएमपीएस तिथे ३.३ व्होल्ट देत राहतो. अखंड ओतलेला नसलेला वरचा कन्व्हर्टर लावला की ती फिरते, कारण चार पिनांच्या कनेक्टरमध्ये ३.३ व्होल्ट नसतातच.

मामांची डिस्क मी अँटिस्टॅटिक पिशवीत घालून वर स्केचपेनने तारीख लिहिली आणि कपाटात ठेवली. नव्या मशीनवर सगळ्या पत्रिका उघडून बघेपर्यंत ती तिथेच राहील. मामा मात्र रिकाम्या कॅबिनेटमधून ती रुंद पट्टी काढून घेऊन गेले. पावतीपुस्तकांचे गठ्ठे बांधायला चांगली आहे म्हणाले.